अलोइसच्या कोनफळाचं पथ्य

"आवं, पण हेच दिस हायेत, नर्सबाई म्हणली!" डोरिन नवऱ्यापुढं रडकुंडीला आली होती. मी शेजारीण, कुडाच्या अल्याड सागूची भाकर भाजत समदं ऐकत होते. "दोन पाळ्यांच्या मधी चार-पाच दिस वाफसा असतो. तवा पेरलं तरच उगवतं. एरवी पेरलेलं वाया."

"माझं कोनफळ जमिनीत हाय," अलोइस गुरकावला. "बाईला शिवलो तर बोटाएवढं ऱ्हाईल. कोनफळांच्या सणाला तोंड कुठं दाखवू?"

आमच्याकडं हे पथ्य खरंच हाय. लांब कोनफळ लावलं की काढीस्तोवर सहा महिने गडी बाईपाशी जात न्हाई. डोरिननं ते मुकाट पाळलं. पाळीत शेताची वाटसुदीक टाळली. लग्नाला पाच वर्सं झाली तरी पोर न्हाई, आन सासू उठता-बसता टोचायची, "खडकावर पेरून काय उगवतंय?" इतकी वर्सं दिस ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाले तर हे पथ्य आडवं. महिन्याच्या महिन्याला वाफसा यायचा न् जायचा. बिचारी माझ्यापाशी सुपारी चघळत डोळं पुसायची.

मग कोनफळं निघाली. अलोइसचं तर माणसापरीस लांब! त्या कोनफळाला माणसावाणी मुखवटा बांधला, पिसं खोवली, बांबूला लटकवून चौकात आणलं. रिवाजापरमानं ते जोडीदाराच्या, म्हंजी दर सणाला कोनफळाची देवघेव ठरलेल्या गड्याच्या, हवाली करायचं, त्यातच गड्याची इज्जत. तेवढ्यात सासू वरल्या वाडीच्या रोझलिनला हाताला धरून आली. विधवा बाई, पोट पुढं आलेलं.

"बघा, माझा नातू! अलोइसचा! आता हीच घरात नांदणार."

माझ्या अंगाची लाही झाली. मेल्याचे खायचे दात येगळे न् दाखवायचे येगळे! गळा कापला की पोरीचा. डोरिन मात्र सावकाश पुढं झाली.

"कितवा गं, रोझलिन?"

"पाचवा."

"आन आमचं कोनफळ किती महिने जमिनीत व्हतं?"

सासूनं बोटांवर महिने मोजले न् रोझलिनचा हात सोडला. जोडीदारानं पुढं केलेला हात मागं घेतला. "असलं बाटलेलं मला नगं," म्हणून तो चालता झाला. अलोइस मातीकडं बघत उभा.

आम्ही बाया फिदीफिदी हसलो. डोरिन न्हाई हसली. ती कोनफळापाशी गेली, त्याच्यावरनं खालपर्यंत हात फिरवला, न् माझ्याकडं वळली.

"पथ्य मोडलं तरी एवढं वाढलं की गं हे, मावशी. मग माझे सहा महिने कशापायी गेले?"