पाचव्या भागातलं हसू

‘हे चुकलंय,’ नेला म्हणाली. ‘पुन्हा लाव.’

लुद्विक सार्नाने कपाळावर हात मारून घेतला. चार वेळा लावून झालं होतं! तोच भाग, तेच दृश्य, आणि सात वर्षांची ही भवानी सोफ्यावर मांडी ठोकून परीक्षक असल्यासारखी बसलेली. तिची आई, म्हणजे लुद्विकची मुलगी दोरोता, शनिवारची पाळी म्हणून इस्पितळात गेली होती. जाताना म्हणाली होती, ‘बाबा, ती काही त्रास देणार नाही.’ त्रास नाही म्हणे!

‘चुकलेलं नाही. दुरुस्त केलंय. आधी चुकलेलं होतं.’

‘नाही. आधी बरोबर होतं. कप्तान मीठ मागतो आणि तू हसतोस. आता तू हसतच नाहीस.’

‘तेच तर दुरुस्त केलंय ना, बाई!’

‘कुणी सांगितलं होतं त्या टीव्हीवाल्यांना?’

आता हिला काय सांगणार? ‘ताऱ्यांमधली खानावळ’ ही जुनी परदेशी मालिका. अंतराळयानातला स्वयंपाकी यंत्रमानव कोबीच्या सूपमध्ये कप्तानाचा बोटभर उंचीचा परग्रही मदतनीस शिजवायला घालतो, असले सगळे चाळे. मूळ आवाजांवर तिचं पोलिश भाषांतर लुद्विकने वाचलं होतं. पडद्यावर दहा जण बोलोत की पन्नास, मागे वाचणारा माणूस, म्हणजे लेक्टर, एकच. रडणारी राणी असो, ओरडणारा यंत्रमानव असो, वाचायचं एका सुरात, वीजबिल वाचावं तसं. आवाजात हसू नको, रडू नको. लेक्टरचं इमान ते. लुद्विकने चाळीस वर्षं ते राखलं, युद्धपट वाचले, पेंग्विनांवरचे माहितीपट वाचले, सम्राटांच्या मरणाच्या वेळची भाषणं वाचली. फक्त एकदा, पाचव्या भागात, कप्तान म्हणतो ‘जरा मीठ द्या’, आणि लुद्विक फिस्सकन हसला होता.

झालं! अख्ख्या देशाने तेवढंच लक्षात ठेवलं. औषधाच्या दुकानात गेला की आवाज ऐकून दुकानदारीण विचारायची, ‘तुम्हीच ना हो, मीठवाले?’ ट्राममध्ये तेच, दाताच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना तेच. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा स्मशानात फुलं आणून देणारा माणूस हळूच कानाशी येऊन म्हणाला, ‘काय हसला होतात हो तुम्ही!’ लुद्विकला त्या दिवशी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती.

म्हणून या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. मालिका नव्याने दाखवणार होते, जुनं वाचन तसंच ठेवून. फक्त ते हसू काढून टाकलं होतं. लुद्विकच्याच आवाजातले शब्द दुसऱ्या भागांतून उचलून अशी सफाईने ठिगळं लावली होती की शिवण दिसत नव्हती. पत्रात पुढे होतं, तुम्हाला पसंत असेल तर शनिवारी तीन वाजता आम्ही फोन करू तेव्हा होकार द्या, मूळ ध्वनिफीत आम्ही कायमची बाजूला टाकतो. बत्तीस वर्षांचा डाग एका फोनने धुतला जाणार होता. दुपारचे अडीच वाजले होते. होकार देण्याआधी एकदा नीट ऐकावं म्हणून त्याने तो भाग लावला, आणि नेला त्याच्या हात धुऊन मागे लागली.

‘पुन्हा लाव.’

‘काय कटकट आहे! शिळ्या कढीला किती ऊत आणायचा? वाटीतलं फळांचं किसेल खा तू तुझं.’

‘खाल्लं. लाव.’

लावलं. कप्तानाने मीठ मागितलं. लुद्विकने सपाट, स्वच्छ, निष्कलंक आवाजात ‘जरा मीठ द्या’ वाचलं. वा! असंच व्हायला हवं होतं.

नेलाने नाक मुरडलं. ‘हा तू नाहीसच.’

‘मग कोण, पोप?’

‘आजोबा, तू हसलास का पण? तिथे तर विनोदच नाहीये. कप्तान नुसतं मीठ मागतो.’

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे ‘तुम्हीच ना’ एवढंच विचारायचे आणि स्वतःच खिदळायचे.

‘तुझ्या आजीमुळे,’ तो चिडूनच म्हणाला. ‘काचेपलीकडे बसलेली असायची ना ती, रेगिना, ध्वनिमुद्रण करायला. मी इकडे वाचतोय, ती तिकडे कानांवर ते हे लावून. तेव्हा तुझी आई तिच्या पोटात होती. पाचवा महिना. पोटावर पेन्सिल ठेवायची तिला सवय, टेबलावर जागाच नसायची. आणि मी आपला मीठ मागतोय, तर पेन्सिल टुणकन उडाली.’

‘उडाली?’

‘आतून लाथ मारली ना तुझ्या आईने! पहिल्यांदाच. रेगिनाने पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, तोंडाचा असा आ केलेला. मी हसलो. कोण नाही हसणार?’

नेला पोट धरून लोळायला लागली. ‘आईने लाथ मारली! आईने!’

‘हस, हस. मी तिला लगेच खुणेने सांगितलं, एवढं वाक्य पुन्हा घेऊ. तिने मान डोलावली. म्हणजे घेऊ. आणि घेतलंच नाही! संध्याकाळी टीव्हीवर हसू तसंच्या तसं. मी घर डोक्यावर घेतलं. तर म्हणते कशी, “विसरले रे.” मरेपर्यंत तेच. दर वेळी कुणी मला मीठवाले म्हटलं की मी घरी येऊन तिच्यावर डाफरायचो, आणि ती भांडी घासता घासता, “विसरले रे, लुद्विक.” एक काम नीट करता आलं नाही तिला.’

नेलाचं लोळणं थांबलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

‘आजी विसरली?’

‘हो.’

‘आजोबा, आजीला वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा वाढदिवससुद्धा पाठ होता. केक न्यायची ती त्याला. आजी कशी विसरेल?’

लुद्विकने रिमोट खाली ठेवला.

खरंच की. रेगिना गॅस विसरली नाही, पावत्या विसरली नाही, कुणाचे वाढदिवस विसरली नाही. स्टुडिओत तर तिच्या हातून एक खोकला कधी सुटला नव्हता. तिने ते ऐकलं होतं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं असेल, आणि ठेवलं होतं. तिला ते हवं होतं. आणि हे त्या रागावलेल्या माणसाला सांगून काय उपयोग, म्हणून मरेपर्यंत तीस वर्षं स्वतःला विसराळू म्हणवून घेतलं. आणि तो मूर्ख डाफरत राहिला.

फोन वाजला. बरोबर तीनला. कंपनीची बाई होती, आवाजात साखर घोळलेली.

‘सार्नासर, कसं वाटलं? एकदम स्वच्छ झालंय ना? मग हो समजू?’

‘नाही. जुनं ठेवा. हसू असलेलं.’

‘पण सर, आम्ही तुमच्यासाठीच... तुम्हीच दहा मुलाखतींत म्हणालात की ती चूक...’

‘चूक माझी होती, बाई. ठेवलं होतं ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंनी, जाणूनबुजून. त्यांचं काम पुसायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. एक शब्द कापलात तर तुमच्या कार्यालयात येऊन बसेन, सांगून ठेवतो.’

त्याने फोन ठेवला. नेला उठून त्याच्याजवळ आली.

‘आता रडतोस कशाला? ठेवणार आहेत ना ते?’

‘ठेवणार आहेत.’ त्याने बाहीने नाक पुसलं. ‘पण मी भांडलो गं तिच्याशी. इतकी वर्षं. एकदा तरी विचारायला हवं होतं मी, का ठेवलंस म्हणून.’