दुसऱ्या बोटाचा थेंब

"उकळलं! उकळलं!" हॉलभर एकच गिल्ला झाला. रक्तावरून बाधा ओळखणाऱ्या रक्तगुरूंच्या काचेच्या पेलीतल्या मंतरलेल्या पाण्यात ताईच्या धाकट्या भावाच्या बोटातला रक्ताचा थेंब पडला आणि भसाभसा पांढरा फेस वर आला. मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवर चढून पाहू लागली.

"पाहिलंत? ना विस्तव, ना काडी!" गुरू गरजले. "याच्या कानात जे बोलतं ते याच्या रक्तात राहतं. गोळ्यांनी ते चिडतं. आजपासून गोळ्या बंद!"

आईने लगेच पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून गुरूंसमोर ठेवली. ताई ताडकन उठली. दोन महिने पोरगा भिंतीतल्या आवाजांशी भांडत होता. गोळ्यांनी आत्ता कुठे उतार पडला होता. काल त्याने चक्क ताईची नक्कल केली होती. आणि या भामट्याच्या एका पेलीपायी सगळ्यावर पाणी सोडायचं?

ताई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिथला शिरस्ता साधा: आजाऱ्याच्या नमुन्याशेजारी धडधाकट माणसाचा नमुना तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती तडक मंचावर चढली, नवी सुई घेतली आणि स्वतःचं बोट टोचून त्याच पाण्याच्या दुसऱ्या पेलीत थेंब सोडला. तेवढाच फेस!

"हिलाही बाधा!" गुरू ओरडले. "एकाच घरातली ना!"

"मग तुमचं बोट द्या."

गुरूंनी हात पाठीमागे नेला. पण त्यांचाच पट्टशिष्य भक्तिभावाने म्हणाला, "द्या की गुरुजी, तुमचं रक्त शांतच राहणार!" आता पळणार कुठे? थेंब पडला. फेस पेलीच्या काठावरून ओघळला.

"हे पाणी नाही, जखम धुवायचं औषध आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड," ताई कडाडली. "कुणाचंही रक्त पडलं की त्यातून प्राणवायू सुटतो, फेस येतो. संपला चमत्कार!"

"मग तुमचे डॉक्टर याचं रक्त का काढतात?" आईने विचारलं.

"आजाराच्या सुरुवातीला शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे एक प्रकारची झीज, वाढते का, त्याच्या खुणा अभ्यासासाठी रक्तात शोधतात. शेकडो माणसं तपासावी तेव्हा कुठे थोडा फरक दिसतो. तेवढ्यावरून एकट्या माणसाचं निदान करायला ते अजून धजत नाहीत, आई. आणि हा एका थेंबावर गोळ्या बंद करतो!" ती गर्दीकडे वळली. "हात जोडायच्या आधी एवढं तरी म्हणा, हेच धडधाकट माणसावर करून दाखव!"

भाऊ हळूच म्हणाला, "आई, आवाज कमी झालेत गं. गोळीची वेळ झाली."

आईने गुरूंसमोरची पाकिटं उचलली. "कुणीतरी पाणी आणा," ती म्हणाली. "नळाचं."