कुंकू लागलेला इटालियन शिपाई

मी एक जुना शिपाई आहे, मित्रांनो, आणि माझी उंची तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे. हसू नका. मी पुठ्ठ्याचा आहे, चौकोनी आहे, आणि माझ्या कपाळावर एक लाल डाग आहे. तो रक्ताचा नाही. तो कशाचा आहे हे सांगायलाच मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका छापखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या एकाच तावावर आम्ही शेजारी शेजारी छापले गेलो, काही जर्मन शिपाई आणि काही इटालियन. छापणाऱ्याने प्रत्येकाच्या कपाळावर धीराचा आकडा लिहिला. जर्मनांना आठ, आम्हाला सहा. शत्रूने मारा केला की दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या आत राहिली तर शिपाई टिकला, वर गेली तर त्याला उलटा करायचा. पाठीवरही आमचेच चित्र असते, पण धीर खचलेले, खाली मान घातलेले. म्हणजे मी पटावर पाऊल टाकण्याआधीच कोणीतरी ठरवून मोकळे झाले की हा लेचापेचा! त्या आकड्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, जर्मन आणि इटालियन तर महायुद्धात एकाच बाजूला होते. होते. पण १९४३च्या सप्टेंबरात इटलीने हात टेकले आणि कालचे दोस्त जर्मन दारात येऊन म्हणाले, शस्त्रे खाली ठेवा. वरून धड हुकूम येईना. पुष्कळांनी ठेवली. रोम शहराच्या एका वेशीपाशी मात्र काही शिपाई आणि गावातली साधी माणसे अडून बसली. ती हरली हे खरे, पण अडली हेही तितकेच खरे. आमचा खेळ त्याच वेशीचा. मधमाशीच्या पोळ्यासारख्या सहा कोनी घरांचा पट, त्याच्या कडेला ती वेस, आणि शेवटच्या फेरीपर्यंत वेस राखली की इटालियन जिंकले.

मला पुण्यात आणले सुदर्शनने. सुदर्शन मूळचा पुसदचा. शिकायला पुण्यात आला आणि संगणकाच्या कंपनीत लागला. कंपनीने कामासाठी काही महिने जर्मनीला पाठवले, तिथल्या एका दुकानात त्याने आमचा खोका घेतला आणि स्वेटरांत गुंडाळून घरी आणला. घर म्हणजे बाणेरला मैनाकाकूंच्या माडीवरची भाड्याची खोली. बाणेर तेव्हा नुकतेच शहरात आले होते. अंगणात एका बाजूला काकूंचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्या बाजूला भाडेकरूंच्या मोटारसायकली असत. सुदर्शनने बुधवार पेठेतून, रेडिओचे सुटे भाग ठेवतात तसला खणाखणांचा डबा आणला आणि आम्हा प्रत्येकाला जागा करून दिली. माझा खण खिडकीच्या बाजूचा होता. ते दिवस फार सुखाचे होते.

दर रविवारी आनंद खेळायला येई. आनंद नारायण पेठेतला, सुदर्शनपेक्षा चार वर्षांनी मोठा आणि कचेरीत त्याचा वरिष्ठ. तो कायम जर्मन घ्यायचा. आमच्यावर मारा झाला की फासे टाकायची तसदीसुद्धा घेत नसे. "फासे कशाला झिजवायचे? इटालियन आहे, पडणारच," असे म्हणून तो मला बोटानेच उलटा करायचा. आणि सुदर्शन म्हणायचा, "जाऊ दे ना."

सुदर्शनचा सगळा संसार त्या शब्दांवर चालत होता. रिक्षावाला लांबून फिरवून आणतो? जाऊ दे ना. आपण केलेल्या कामावर दुसऱ्याचे नाव लागले? जाऊ दे ना. चौथ्या फेरीला तो हसत हसत डाव देऊन टाकायचा आणि चहा टाकायला उठायचा. त्याच्यावर माझा जीव होता, म्हणूनच माझा इतका जळफळाट व्हायचा.

मग ते मंदीचे वर्ष आले. अमेरिकेतली कामे आटली आणि कंपन्यांतली माणसे जिन्यात हळू आवाजात बोलू लागली. त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मैनाकाकूंनी खाली विळे, कोयते आणि ट्रॅक्टर पुजला आणि ताट घेऊन त्या माडीवर आल्या. सुदर्शनच्या संगणकाला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूल मिळाले. मग त्यांची नजर आमच्या उघड्या डब्यावर गेली.

"ह्यात काय हाय?"

"लढाई आहे, काकू. खेळातली."

"मग हत्यारच की!" असे म्हणून त्यांनी ओल्या कुंकवाचे बोट दाबले ते नेमके माझ्या कपाळावर.

"अहो काकू, पुठ्ठा आहे तो! डाग जायचा नाही."

"जायला कशाला पायजे? ऱ्हाऊ दे. शोभतंय त्याला."

माझा आकडा कुंकवाखाली बुडाला. मला काय वाटले म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कपाळावर मानाचे काही लावले होते.

दुपारी आनंद आला. पट मांडता मांडताच, मान वर न करता म्हणाला, "परवा मंगळवारी तुला वर बोलावतील. कागद पुढे करतील. सही करून टाक."

"कसला कागद?"

"राजीनाम्याचा. मी स्वतःहून सोडतोय, असा. कंपनीला माणसं कमी करायची आहेत, पण काढली असं दिसायला नकोय."

"आणि नाही केली तर?"

"तर काढतील. मग पुढच्या ठिकाणी तोंड कसं दाखवशील? समजुतीनं घे. तू काही भांडखोर नाहीस."

सुदर्शनचा हात पटावर तसाच राहिला. ही नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईने पुसदला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आता तिला सांगायचे की ती मीच सोडली? नोकरी जाण्यापेक्षा ते खोटे त्याला जास्त जड जात होते.

"माझं नाव कुणी दिलं?" त्याने विचारले.

"तुझी चाल आहे," आनंद म्हणाला.

डाव सुरू झाला. आमची माणसे एकामागून एक पडली. चौथी फेरी आली आणि गेली, तरी सुदर्शन चहा टाकायला उठला नाही. शेवटी वेशीत मी एकटा उरलो आणि तिन्ही बाजूंनी जर्मन आले. आनंदने मारा केला आणि सवयीने मला उलटे करायला बोट पुढे केले. सुदर्शनने त्याचे मनगट धरले.

"फासे टाक."

"काय?"

"फासे टाक म्हणतो. इतके दिवस बोटानं पाडलंस. आज फाशानं पाड."

"अरे, आकडा तरी दिसतोय का त्याचा? त्या कुंकवाखाली सहाच आहे."

"सहा तर सहा. टाक!"

आनंदने फासे टाकले. चार आणि एक. मी उभा! पुन्हा मारा झाला. तीन आणि तीन, म्हणजे काठावरचे सहा. तरीही मी उभा! ताट न्यायला आलेल्या मैनाकाकू दारातच थबकल्या.

"काय झालं रं?"

"काकू, तुमचा शिपाई पडेना," सुदर्शन म्हणाला.

"कसा पडंल? कुंकू लावलंय त्याला!"

मित्रांनो, इथे मी जिंकलो असे सांगायला मला फार आवडले असते. पण शेवटच्या फेरीला पाच आणि चार पडले. मी उलटलो. वेस गेली.

"झालं समाधान?" आनंद म्हणाला. "हरलासच शेवटी."

"हरलो. पण डाव दिला नाही." सुदर्शनने मला उचलून तळहातावर घेतले. "आणि मंगळवारी सही करणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, त्यांच्या सहीनं. मी सोडली हे खोटं माझ्या हातानं लिहिणार नाही."

"मूर्ख आहेस."

"असेन. पण नाव तूच दिलंस ना?"

चहासुद्धा न घेता आनंद जिना उतरला.

सोमवारी दसरा झाला. मंगळवारी सुदर्शन मला शर्टाच्या खिशात घालून कचेरीत गेला. काचेची थंडगार खोली होती. "हे तुमच्याच भल्याचं आहे," असे दोन आवाज गोड बोलून सांगत होते. खिशामागे त्याचे काळीज असे धडधडत होते की मी हादरत होतो. शूर माणसाचे काळीज शांत असते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

"भल्याचं असेल तर तुम्हीच लिहा ना," सुदर्शन म्हणाला. "आम्ही काढतो, असं लिहा."

शेवटी त्यांना ते लिहावेच लागले. बाहेर बाकावर त्याच्याच गटातली रतन वाट बघत बसली होती.

"केलीस सही?"

"नाही."

"चालतं असं?"

"काढतात. पण चालतं."

रतनने हातातले पेन पर्समध्ये टाकले आणि ती आत गेली.

पुढचे महिने ओढाताणीचे गेले. पण आईला फोनवर त्याने खरे ते सांगितले, आणि मैनाकाकू विचारल्याशिवाय भाकरी वर पाठवत राहिल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास दुसरी नोकरी मिळाली. काढल्याचे पत्र बघूनही मिळाली. आनंद मात्र वर्षभर फिरकला नाही. मग एका रविवारी तो दारात उभा राहिला. कंपनीने त्याच्याही पुढे तोच कागद ठेवला होता, आणि त्याने सही केली होती.

"डाव मांडतोस?" खाली बघत तो म्हणाला. "आज मी इटली घेतो."

सुदर्शनने मला वेशीत ठेवले. माझ्यावर मारा झाला तेव्हा त्याने फासे आनंदच्याच हातात दिले. आनंद ते कितीतरी वेळ मुठीत खुळखुळवत बसला. काय पडले ते मी सांगणार नाही. फासे टाकले गेले, एवढे पुरे.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. सुदर्शनचे लग्न झाले, बालेवाडीला सदनिका झाली आणि सामान हलवताना कोणीतरी आमचा सुंदर डबा सुयाधाग्यांना घेतला. आम्हाला एका पिशवीत ओतून गणपतीच्या आराशीखाली माळ्यावर फेकले. मी वर्षानुवर्षे तिथे पालथा पडून होतो. न हरता, न लढता, पालथा!

गेल्या आठवड्यात सुदर्शनच्या लेकीने, सृष्टीने, ती पिशवी खाली काढली. मला उचलून म्हणाली, "बाबा, हा खराब झालाय. टाकू?"

सुदर्शन धावतच आला. "ए, थांब! तो माझा आहे." मग खाली बसून त्याने तिला सगळे सांगितले, जे मी आता तुम्हाला सांगितले.

मित्रांनो, तुमच्याकडेही जुन्या खेळातले कोणी ना कोणी असेल. खेळ संपला की आम्हाला गोळा करा, ज्याच्या त्याच्या जागी ठेवा आणि तोंड वर करून ठेवा. आम्ही हरू, पुन्हा पुन्हा हरू, त्याचे काही नाही. पण मला उलटे करायचे असेल तर आधी फासे टाका. बोट लावायचे काम नाही.