गल्लीतले सर्वांत जुने दुकान

कुलूपवाल्यांचे दुकान दोनशे दहा वर्षांचे होते, आणि त्यांतली एकशे बहात्तर वर्षे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती.

जुन्या बाजाराच्या त्या गल्लीत पाट्या रंगवण्याची एक रीत पडून गेली होती. समोरच्या छत्रीवाल्याने 'सव्वाशे वर्षांची परंपरा' असे लिहवून घेतले, की पुढच्याच महिन्यात कुलूपवाले रंगाऱ्याला बोलावून दीडशे करीत. मग छत्रीवाल्याला एखादा विसरलेला खापरपणजोबा आठवे. अशा रीतीने दोघांनी मिळून जेमतेम चार दशकांत दोन शतके मागे टाकली. यात कुणाचे काही बिघडत नव्हते.

बिघडले ते नगरपालिकेने बाजाराचा इतिहास जपायचे मनावर घेतले तेव्हा. शंभरी ओलांडलेल्या प्रत्येक दुकानाला मानाचा फलक मिळणार होता. मात्र फलक लागला की चौकट, भिंत, छप्पर यांतले काहीही हलवायची सोय उरणार नव्हती. इकडे कुलूपवाल्यांच्या लेकीने कारखान्यातली नोकरी सोडून दुकानात बसायला एकाच अटीवर होकार दिला होता: किल्ल्या कापायचे यंत्र आत आले पाहिजे. यंत्र दारापेक्षा वीतभर रुंद होते. चौकट फोडल्यावाचून ते आत येणार नव्हते, ते न येता लेक येणार नव्हती, आणि कुलूपवाल्यांच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांवर दुकान आणखी दोन वर्षेही निघाले नसते.

म्हणून नगरपालिकेच्या नोंदणीच्या बाई दारात आल्या तेव्हा कुलूपवाल्यांनी या विषयावर प्रथमच खरे सांगितले.

"दुकान मीच काढलं. अडतीस वर्षं झाली."

बाईंनी हातातली पुस्तिका चाळली. "बाजाराच्या इतिहासात दोनशे दहा दिलंय."

"इतिहासात कुठून आलं ते?"

"तुमच्या पाटीवरून."

कुलूपवाल्यांनी मान वर करून स्वतःची पाटी वाचली. लेकीनेही वाचली, जरा मोठ्याने.

"गल्लीतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराने लिहून दिलं, तर बदलता येईल," बाई म्हणाल्या. तसा दुकानदार एकच होता.

छत्रीवाला एका छत्रीची मोडकी काडी बदलत होता. त्याने सगळे ऐकून घेतले, छत्री उघडून पाहिली, मिटली.

"म्हणजे चाळीस वर्षं तू थापा मारल्यास, असं मी सरकारी कागदावर लिहू?"

"अडतीस. आणि तू रे कोण मोठा सत्यवादी?"

"माझं दुकान आजोबांचं आहे, कुलूपवाल्या. एकशे चार वर्षांचं. पण खरं लिहिलं असतं तर तुझ्या पाटीसमोर माझे आजोबा पोरसवदा दिसले असते." त्याने छत्री खुंटीला लावली. "देतो लिहून. पण गल्लीतलं सगळ्यांत जुनं दुकान माझं, या कागदावर तूही सही करायचीस."

"अरे, तुझं छप्पर गळतंय. फलक लागला की कौलाला हात लावू देणार नाहीत."

"गळू दे. छत्र्यांचंच दुकान आहे."

दोन्ही कागद बाईंसमोर आले. छत्रीवाल्याने झोकात सही केली. कुलूपवाल्यांची लेखणी मात्र कागदाच्या वर थांबली.

"बाबा, सही."

"करतोय. हात कापतोय जरा."

"सकाळी दाढी करताना नाही कापला."

त्यांनी सही केली. बाईंनी नोंद वाचून दाखवली, "कुलुपांचं दुकान, अडतीस वर्षं. छत्र्यांचं दुकान, एकशे चार. बरोबर?"

"एकशे तीन," कुलूपवाले म्हणाले. "पहिलं वर्ष त्याच्या आजोबांनी नुसती जागा धरून ठेवली होती. छत्री एकही विकली नाही."

बाईंनी मान वर केली. "तुम्हाला काय ठाऊक? तुमचं घराणं होतं का तेव्हा इथे?"

बाईंची लेखणी अडतीसच्या आकड्यापाशी परत आली होती. लेक बापाकडे अशी पाहत होती की चौकट तिथेच तडकावी.

पाट्यांच्या चढाओढीत इतक्या वर्षांत कुलूपवाल्यांनी छत्रीवाल्याला एक महिनाही फुकट दिला नव्हता.

"एकशे चारच," ते म्हणाले. "आम्ही नवे लोक. आम्हाला काय माहीत?"