तोरणातली तुरेवाली पाखरं

मी एक जुनं पाखरू आहे, मित्रांनो. रक्तामांसाचं नव्हे, काचमण्यांचं. अंगठ्याएवढं अंग, हिरवा गळा आणि डोक्यावर केशरी तुरा. माझ्या बहिणींच्या रांगेत मी तोरणाच्या मधोमध बसते. सगळ्यांत आधी मी घडले, तेव्हा तो मान माझाच. बहिणींनी उगाच तोंडं वाकडी करू नयेत.

मला घडवलं नर्मदाआजींनी. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या, पण हाती मणी आणि ओवायचा नायलॉनचा तंगूस आला की भल्याभल्यांनी बघत राहावं. मुलाकडे, दत्तप्रसादकडे, त्या दुबईत, बर दुबई भागात राहायला आल्या, ते नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. एकदा दाढ दुखते म्हणून जवळच्या करामा भागातल्या दवाखान्यात गेल्या आणि तिथल्या कॅलेंडरवर त्यांनी इवले, तुरेवाले गुंजन पक्षी, म्हणजे हमिंगबर्ड, पाहिले. दाढ राहिली बाजूला. डॉक्टरांकडून ते पानच मागून आणलं.

सून शोभना म्हणाली, तोरणात मोर-पोपट शोभतात. आजी म्हणाल्या, "मोर-पोपट सगळ्या बिल्डिंगीत लटकताहेत. माझ्या ईशानीच्या रुखवतात हीच पाखरं मांडायची." नात ईशानी तेव्हा पाचवीत होती.

आम्ही तयार झालो तेव्हा शेजारणी मान तिरकी करकरून बघायच्या. या बाजूने गळा हिरवा, दोन पावलं सरकलं की तोच जांभळा. असे मणी निवडायलाही नजर लागते.

पण शोभनाने आम्हाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. लग्नातच काढू, तोवर नवं राहील, असा तिचा हिशेब. आम्ही बाल्कनीतल्या कपाटात गेलो. पुढे घर शारजात अल नहदाला आलं, तिथेही बाल्कनीच. तिथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. आजी कुरकुरायच्या, की गळे दाखवायला केले, कोंडायला नाहीत. कोण ऐकतंय?

दोन हजार चार साली ईशानीचं लग्न ठरलं. लग्नाला पंधरवडा उरला असताना शोभनाने पिशवी उघडली आणि आम्ही तिच्या हातातच विखुरलो. उष्म्याने तंगूस ठिसूळ झाला होता. मणी फरशीवर उड्या मारत सोफ्याखाली गेले.

शोभना म्हणाली, "खलास, आई. आता सूकच्या बाजारातून तयार तोरण आणू."

"विकतचं रुखवत मांडणार असाल तर मला घरीच ठेवून जा," आजी म्हणाल्या. पण त्यांनाही आता दिसत नव्हतं. मणी बोटांना ओळखू यायचा, त्याचं भोक सापडायचं नाही.

तेव्हा ईशानी ऑफिसची बॅग बाजूला टाकून फरशीवर बसली. "आजी, टीच मी."

आजींनी शिकवलं, पण गोड बोलून नव्हे. कम्प्युटरवर नाचणारी बोटं इथेच कशी लंगडतात, असं विचारत, चुकलं की पुन्हा उसवायला लावत. मी पहिली ओवली गेले. तुरा पुढे कलला.

"इट्स क्रुकेड, आजी. काढते."

आजींनी माझ्या डोक्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाल्या, "राहू दे. माझ्या हातचा तुरा ताठ होता. हा तुझ्या हातचा."

माझ्यामागून बहिणी ओवल्या गेल्या. एकेकीचा तुरा सरळ होत गेला.

लग्नात रुखवतापाशी ईशानीच्या सासूबाई थबकल्या. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. एरवी इंग्रजीत उत्तर देणारी ईशानी स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजीने आणि मी." शेजारी खुर्चीत बसलेल्या आजींनी पदर सारखा केला, एवढंच.

आज मी ईशानीच्या दारावर आहे. वाळूची धूळ बसते, ती ईशानी ओल्या फडक्याने पुसते. मित्रांनो, हाताने केलेली वस्तू कपाटात कोंडू नका, दारावर लावा. तंगूस आज ना उद्या तुटणारच. पण ती वस्तू पुन्हा ओवायची कशी, हे करणारीचे डोळे शाबूत आहेत तोवर शिकून घ्या.

दार उघडलं की आम्ही सगळ्या हलतो. तेवढंच आमचं उडणं. सगळ्यांत पुढे असतो माझा वाकडा तुरा.