कोळंबीत माणूस

श्रुतिकाचं काम कोळंबीचं. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत ती कोळंबीचा डीएनए वाचायची. त्यात तीच दोन-तीन अक्षरं परत परत येतात, लांबच लांब, जागोजागी पसरलेली, एकच पाढा घोकल्यासारखी. कोळंबीचं त्याने काही बिघडत नाही.

सासरच्यांचं बिघडलं होतं. सासरे, शिवदास, चालताना असे झोकांड्या खायचे की लोक पाठीमागे दारुडा म्हणायचे. माणूस थेंबाला शिवला नव्हता. यंदा नणंदेच्या, मालनताईंच्या हातून कप सुटायला लागले. डॉक्टर म्हणाले, यांच्या डीएनएत एका जागी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतायत, आणि पिढीगणिक ती रांग वाढतेय.

श्रुतिकाच्या नवऱ्याने, हर्षदने, तपासणीला साफ नकार दिला. "कळून औषध मिळणारे का? नाही ना? मग मला नको कळायला." आणि लहान मुलाची तपासणी डॉक्टर करत नाहीत, मोठा झाला की तो ठरवेल, म्हणाले. त्यांचा चार वर्षांचा अनय चटईच्या काठाला अडखळला तरी श्रुतिका हातातलं काम टाकून त्याची पावलं बघत बसायची.

शेवटी एका सकाळी, घसा बघते म्हणून, तिने त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. तो नमुना कोळंबीचं लेबल लावून बाकीच्या नमुन्यांबरोबर मशीनवर चढवला.

मशीनने वाचलेलं साफ करायचं काम जान्हवीचं. प्राण्याच्या नमुन्यात माणसाचा डीएनए दिसला की तो आधी उपसून टाकायचा, कारण तो हाताळणाऱ्याचा असतो. श्रुतिका हे रोज बघत होती. पण धास्तावलेल्या डोक्यात ते आलंच नाही.

"काय गं, शिंकलीस की काय त्यात?" जान्हवी खुर्ची सरकवत आली. "एक नमुना अख्खा माणूसच निघाला. काढून टाकला मी. मूळ फाइल आहे अजून, पण डिस्क भरलीय. उडवू ना?"

थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण अनयमध्ये ती रांग सापडली तर ती हर्षदकडूनच आलेली असणार. त्याने नको म्हटलेलं उत्तर मग तो रोज बायकोच्या तोंडावर वाचणार.

"उडव," श्रुतिका म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी ती घाटकोपरला घरी पोचली तेव्हा बाप-लेक पॅसेजमध्ये लंगडी घालत होते. दोघं एकमेकांवर कोसळले आणि खिदळत तिथेच लोळले. आधी तोल हर्षदचा गेला होता. जिन्यात उभ्या श्रुतिकाने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं करून ती चपला काढायला वाकली.