ल्युएलाच्या गायी किती?

माझा भाऊ ऑर्विल वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रेमात पडला, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज साऱ्या खोऱ्याला ठाऊक होती. मी त्याची थोरली बहीण, फर्न. आईबापांमागे ही रँच आम्ही दोघांनीच चालवली. लग्न दोघांचंही झालं नाही. मी करून घेतलं नाही आणि त्याला कुणाला विचारायला जमलं नाही. चाळीस वर्षं एका टेबलावर जेवल्यावर समोरच्याच्या पोटात काय चाललंय ते न सांगता कळतं, आणि मला ते चांगलंच कळत होतं.

दर रविवारी संध्याकाळी शेजारची ल्युएला ब्रॅनम आमच्याकडे यायची. शेजारची म्हणजे सात मैलांवरची. तिचा नवरा ड्वाइट जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिची रँच ती एकटी बघत होती, झकास बघत होती. टीव्हीची मोठी तबकडी आमच्या अंगणात होती, तिच्याकडे नव्हती. पाच ते सहा ‘डेव्हलिन आणि मुलगे’ लागायचं, सहा ते सात ‘कॉटनवुडची ऑगस्टा’. दोन्ही मालिका आमच्या तरुणपणच्या, दोन्ही रँचवाल्या घराण्यांच्या, आता पुन्हा दाखवत होते. ऑर्विल डेव्हलिनवाला, ल्युएला ऑगस्टावाली. दोन तास नुसती जुंपलेली असायची.

डेव्हलिनमध्ये एक विधुर बाप आणि त्याचे तीन मुलगे. बाप शहाणा, मुलगे एकमेकांसाठी जीव टाकणारे, आणि रँच एवढी की दिवसभर घोडा पळवला तरी कुंपण लागू नये. संकट आलं की चौघे ओळीने घोड्यावर बसून निघणार. ऑर्विलच्या अंगावर अजूनही तिथे काटा यायचा. ल्युएला म्हणायची, चौघेच्या चौघे निघाले तर मागे गुरांना गवत कोण घालतं? चौदा वर्षं मालिका चालली, पण कुणी एक वासरू डागलं नाही की कुंपणाची एक तार ओढली नाही. आणि त्या घरात मुलाचं लग्न ठरलं रे ठरलं की शेवटच्या जाहिरातीच्या आत पोरगी घोड्यावरून पडणार, नाहीतर तापाने जाणार. “आमच्याकडे थंडीत गायी दगावतात,” ल्युएला एकदा म्हणाली, “तुझ्या डेव्हलिनांकडे सुना दगावतात.” मी हसून हसून बेजार झाले. ऑर्विल आठवडाभर त्याला उत्तर शोधत होता.

त्याचं म्हणणं ऑगस्टाबद्दल. ऑगस्टा विधवा, दोन मुलगे, एक मुलगी, सगळी तिच्या धाकात. ती आभाळ बघून वादळ ओळखते, लबाड व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावते. एवढं सगळं त्याला मान्य होतं. पण बाई अडलेली गाय सोडवायला गोठ्यात शिरते ती गळ्यात मोत्यांची माळ घालून, आणि बाहेर येते तेव्हा पांढरंशुभ्र ब्लाउज जसंच्या तसं. “एका भागात तरी त्या ब्लाउजला शेण लागलेलं दाखव,” तो म्हणायचा, “मिशी उतरवून देतो.” आणि दर तिसऱ्या भागात तिला मागणी घालायला कुणीतरी रुबाबदार गडी यायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत हात हलवत परत जायचा. ते का, हे काही ऑर्विलला उमगत नव्हतं.

चर्चमध्ये पाद्र्याशी वर्षाकाठी दहा शब्द न बोलणारा माझा भाऊ रविवारी दोन तास बोलायचा. शनिवारी रात्रीच दाढी करून ठेवायचा. मला बरं वाटायचं ते बघून. म्हटलं, कधीतरी तोंड उघडेल.

उघडलं. एप्रिलचा शेवटचा रविवार होता. डेव्हलिनच्या भागात शेजारची विधवा आली होती, चांगली जमीन असलेली, आणि थोरल्या मुलाला आवडली होती. मालिका संपली. ऑर्विलने घसा खाकरला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, “ल्युएला, तुझ्या एकशेऐंशी आणि माझ्या दीडशे, सगळ्या मिळून वरच्या कुरणात आरामात मावतील.”

मी डोक्याला हात लावला. आमच्या खोऱ्यात माणसाला त्याच्या ऑपरेशनबद्दल विचारावं, वाया गेलेल्या पोराबद्दल विचारावं, पण गायी किती ते विचारू नये. तो आकडा नवऱ्याने बायकोला सांगायचा, बायकोने नवऱ्याला, तिसऱ्याला नाही. कुणी नवखा विचारून बसलाच तर “पुरेशा आहेत” म्हणायचं आणि पावसापाण्याचं काढायचं. आणि ह्या शहाण्याने नुसतं विचारलं नव्हतं, कुंपणापलीकडून मोजून आकडा तोंडावर मारला होता.

ल्युएलाने कप खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते. “तुझ्या मालिकेत हेच होतं, ऑर्विल,” ती म्हणाली. “विधवा जमीन घेऊन येते. शेवटच्या जाहिरातीपर्यंत विधवा मातीत, आणि जमीन डेव्हलिनांकडे.” कोट चढवून ती निघाली. ऑगस्टा लागायचीच होती अजून.

तिची गाडी फाटकाबाहेर गेली तसा ऑर्विल मला म्हणाला, “अगं, मी तिला लग्नाचं विचारत होतो.”

मी म्हटलं, मेल्या, ही मागणी होती की खानेसुमारी? ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण तू तर ताक सोडून गवळणीच्या म्हशी मोजत बसलास. त्याला हसू आलं नाही. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं.

पुढचे चार रविवार ल्युएला आली नाही. तो पाचला दाढी करून बसायचा आणि सातला टीव्ही बंद करायचा. पाचव्या आठवड्यात तिचा फोन आला, मला. शनिवारी तिच्याकडे वासरं डागायची होती, म्हणजे तापल्या लोखंडाने त्यांच्या अंगावर मालकाची छाप उठवायची होती. “फर्न, बीन्सचं मोठं पातेलं आण,” एवढंच म्हणाली. ऑर्विलचं नाव नाही. आता हे ज्याला कळत नाही त्याला ह्या खोऱ्यातलं काहीच कळत नाही. डागणीला एकमेकांकडे सगळ्यांनी जायचं असतं, कामाला माणसं लागतात म्हणून आणि मान म्हणूनही. घोड्यावरून दोर टाकून वासरं ओढून आणायला कुणाला सांगायचं ते मालक सकाळी ठरवतो, आणि ब्रॅनमांकडे तीस वर्षं पहिला दोर ऑर्विलचा होता. त्याला बोलावलं नाही ही बातमी शुक्रवारपर्यंत टपालकचेरीतसुद्धा पोचली असती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वाचनालयातून ऑर्विलने ऑगस्टाच्या टेपा आणल्या, खोकंभर. रोज काम आटोपलं की जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसायचा. मागणी घालायला आलेले गडी तेवढे बघायचा, बाकीचं पुढे पळवायचा. मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. गुरुवारी संध्याकाळी, अकरावा गडी परत गेल्यावर, त्याने टेप थांबवली.

“फर्न, सगळे एकच बोलतात,” तो म्हणाला. “तू आता आराम कर, ह्यापुढे सगळं मी बघतो. अकराच्या अकरा. तिने कशाला आराम करायचा? तिला तर हेच सगळं करायला आवडतं.”

मी म्हटलं, उजेड पडला म्हणायचा. अठ्ठावन्न वर्षं लागली, पण पडला. मग त्याने सांगितलं की शनिवारी तोही येणार. न बोलावता? हो, न बोलावता. पण घोडा नेणार नव्हता, दोरही नेणार नव्हता. त्याच्या वयाच्या रँचवाल्याने डागणीला घोड्याशिवाय जाणं म्हणजे केवढा कमीपणा, हे मला विचारू नका. मी रात्री त्याची जुनी पँट काढून ठेवली, फाटली तरी चालेल अशी.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ल्युएला घोड्यावर होती. तिने ऑर्विलकडे पाहिलं, त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि दोर टाकायला दुसऱ्या दोघांची नावं घेतली. तिसरी ती स्वतः. ऑर्विलने टोपी घट्ट केली आणि वासरं दाबून धरणाऱ्यांत जाऊन उभा राहिला. ते काम विशी-पंचविशीतल्यांचं. दोर लावून ओढत आणलेलं वासरू एकाने पुढून धरायचं, दुसऱ्याने मागे मातीत बसून त्याचे मागचे पाय पकडायचे, डाग आणि लसीची सुई होईस्तोवर सोडायचं नाही. ऑर्विलने मागचे पाय घेतले. सगळी लाथ तिथेच बसते, आणि सगळं शेणही.

आणि ल्युएला. तिघं दोर टाकत होती, पण तिचं प्रत्येक वासरू ऑर्विलपुढेच येत होतं. तेही निवडून, सगळ्यांत दांडगं. पहिल्या चार-पाच वेळा लोक हसले. मग हसायचे थांबले. दहा वाजता त्याच्या मांडीवर लाथ बसली, साडेदहाला कोपरावर. पण त्याने सोडलं एकही नाही. मी पातेल्याशी उभी राहून मनात ल्युएलाला शिव्या देत होते आणि ऑर्विललाही. मरतो की काय हा बाबा, असं झालं मला. अकराच्या सुमाराला तिने ओढून आणलेलं एक वासरू बरंच लहान होतं. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

दुपारी पॉप्लरच्या झाडांखाली टेबलं मांडली होती. बीफ, बीन्स, बटाट्याचं सॅलड, पाद्र्याच्या बायकोने आणलेला कडक केक. ऑर्विल लंगडत येऊन बाकाच्या टोकाला बसला. कानापर्यंत शेण. ल्युएला ताटं वाढत त्याच्यापर्यंत आली तसा तो उठून उभा राहिला, सगळ्यांसमोर. आमच्या ऑर्विलला चार माणसांत प्रार्थना म्हणायला सांगितली तरी घाम फुटतो.

“मला तुझी रँच चालवायची नाहीये, ल्युएला,” तो म्हणाला. “तुझी छाप तुझी, माझी माझी. तू म्हणशील तिथे उभा राहीन. मी मोजायला नको होतं. चुकलो.”

तीस-पस्तीस माणसं होती. ल्युएला वाढण्याचा डाव हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा जो काही तोल गेला तो गेला.

“मोजलंस त्याचं एवढं नाही,” ती म्हणाली. “एकशेऐंशी म्हणालास. एकशेऐंशी! सहा हिवाळे एकटीने काढले मी. ड्वाइट गेला तेव्हापेक्षा वाढवल्यात, एकही कुरण विकलं नाही, आणि तू म्हणतोस एकशेऐंशी. दोनशे सेहेचाळीस आहेत, ऑर्विल. दोनशे सेहेचाळीस.”

म्हाताऱ्या पाद्र्याने मान खाली घातली. त्याची बायको उगाच केक कापायला लागली. मग आपण काय बोलून बसलो ते ल्युएलाच्या ध्यानात आलं, आणि तिने तोंडावर हात ठेवला. कान पुन्हा लाल, ह्या वेळी मानेपर्यंत. सांगितलेलं परत घेता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घ्यावं असं तिच्या चेहऱ्यावर कुठे दिसलंही नाही.

ऑर्विलने टोपी काढली. “माझ्या एकशे एकतीस,” तो म्हणाला.

मी तर चाटच पडले. हा आकडा एवढ्या माणसांसमोर! बाबांनी तो कधी बँकवाल्याला धड सांगितला नव्हता.

“तू दीडशे म्हणालास,” ल्युएला म्हणाली.

“तुझ्यापुढे फारच कमी वाटतील म्हणून वाढवल्या.”

ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. ऑर्विल टोपी हातात धरून उभाच. त्याला ह्यातलं काय उत्तर समजायचं ते कळेना. मी आयुष्यात त्या माणसाला अनेकदा टाकून बोलले, पण त्या क्षणी त्याच्याइतकं लाडकं मला जगात कुणी नव्हतं.

ल्युएलाने बाहीने डोळे पुसले. तिने त्याच्या ताटात बीफचे दोन मोठे तुकडे वाढले, बाकावर त्याच्या शेजारी, त्या शेणाला चिकटून बसली आणि म्हणाली, “जेव आधी. आपली साठ वासरं बाकी आहेत अजून.”